केळशीकरांचे आरमार

होडी दरवाज्यातून बाहेर निघणार नाही, अशी कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या केळशीकरांच्या घरात दोन वर्षं सगळ्यांना आशा होती. नारळी पौर्णिमेच्या सकाळी ती निघाली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडून, हमालांच्या खांद्यांवरून ती गल्लीत आली आणि ठेलागाडीवर चढली. रघुनाथरावांनी पहिला खिळा मारायच्या आधी दरवाजा मोजला होता. माणूस सरळ मूर्ख असला की घरच्यांना सोपं जातं. रघुनाथराव मोजूनमापून मूर्ख होते, आणि त्याला औषध नव्हतं.

"निघाली?" त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, स्वयंपाकघरातूनच विचारलं. नारळीभाताच्या पातेल्यावरची नजर त्यांनी हलवली नाही.

"निघाली," खिडकीपाशी उभी असलेली सरोज म्हणाली. ही धाकटी जाऊ, माधवची बायको. "कुठे घासलीसुद्धा नाही, वहिनी."

"चौकट तरी उखडली?"

"चौकट जशीच्या तशी."

"मग बुडू दे मेली एकदाची गंगेत. निदान अंगणात तुळस तरी परत ठेवता येईल."

दोन वर्षांपूर्वी चहाच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर रघुनाथरावांनी एक इंग्रजी मासिक घरी आणलं. घरच्या घरी होडी कशी बांधावी, हे त्यात चित्रांसह दिलं होतं. इतर माणसं निवृत्त झाली की पोथी काढतात. यांनी रंधा काढला. अंगणातली तुळस गच्चीवर गेली आणि तिथे उन्हात वाळली. फळ्यांना बाक द्यायला वाफ लागते असं मासिकात होतं, म्हणून न्हाणीघरातला तांब्याचा बंब अंगणात आला आणि त्याला पत्र्याची नळी बसली. दोन हिवाळे घरातली माणसं गार पाण्याने कुडकुडत आंघोळी करत होती आणि फळ्या मात्र वाफाऱ्यात शेकत होत्या. पुढे फटींत कापूस ठासून वरून डांबर ओतलं, तेव्हापासून लोणच्याच्या बरणीपासून देवाच्या गंधापर्यंत सगळ्याला डांबराचा वास. यातलं पुष्पाबाई काहीही विसरल्या नव्हत्या.

"कोकणातली माणसं आम्ही," रघुनाथराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "समुद्र रक्तातच आहे."

रक्तात काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. केळशीला केळशीकरांची स्वतःची होडी कधीच नव्हती. होड्या गावच्या खारव्यांच्या. केळशीकर नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर उभे राहून मंत्र म्हणायचे आणि नारळ, दक्षिणा घेऊन, पाय न भिजवता घरी यायचे. आजोबा बजबजच्या तागाच्या गिरणीत हिशेब लिहायला आले, तेव्हा मुंबईपर्यंतच्या आगबोटीत त्यांना बोट अशी लागली की त्या धसक्याने ते जन्मात पुन्हा कोकणात गेले नाहीत. केळशीकर घराणं कलकत्त्याचं झालं ते असं, ओकाऱ्यांमुळे.

गंमत इथेच थांबली असती तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण धाकट्या भावाने, माधवने, पुण्याला बदली मागितली होती आणि ती मंजूर होऊन आली होती. फाळणीनंतर हे शहर राहण्यासारखं उरलं नाही, असं त्याचं ठाम मत होतं. घर विकून सगळ्यांना पुण्याला न्यायचं, हा त्याचा बेत. घर वडिलांनी तिन्ही मुलांच्या नावावर ठेवलेलं, आणि रघुनाथराव सही देईनात. आषाढी एकादशीच्या फराळाला दोघा भावांची जुंपली, आणि खिचडीचा घास तोंडात असतानाच माधव म्हणाला, "दादा, तुझं हे खोकं गंगेत तरंगलं ना, तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. बदली रद्द करून घेईन."

"आणि बुडालं तर मी सही करतो," रघुनाथराव म्हणाले. "दिला शब्द."

झालं. घराचं काय करायचं ते डांबर फासलेल्या लाकडावर ठरलं. तिसरी सही जिची, ती सुचित्रा तेव्हा समोरच उभी राहून भगरीवर आमटी वाढत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

सुचित्रा भावंडांत सगळ्यांत धाकटी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, ती भावांकडे परत आली, आणि रडून झाल्यावर कॉलेजात गेली. आता कितीतरी वर्षं ती जवळच्याच मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होती, तोही बंगालीतून, आणि मुली तिला सुचित्रादी म्हणत. गेल्याच आठवड्यात शाळेच्या सेक्रेटरींनी तिला बोलावून सांगितलं होतं की नव्या वर्षापासून मुख्याध्यापिका तुम्हीच. तिने हे घरी सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार होतं? पुण्यात तिची शाळा नव्हती. पुण्यात ती माधवच्या बिऱ्हाडातली विधवा आत्या होणार होती. पापड लाटायचे, कोणाकोणाची बाळंतपणं काढायची, आणि घरात मंगलकार्य निघालं की आपण होऊन आत जाऊन बसायचं.

आणि हे सगळं आता त्या होडीवर अवलंबून होतं, जिचा तिला घरात सगळ्यांपेक्षा जास्त तिटकारा होता.

म्हणून त्या सकाळी राखी बांधताना तिने दादाचं मनगट सोडलं नाही.

"दादा, आज नको. आठ दिवसांनी सोड होडी."

"मुहूर्त आजचा आहे. भर माध्यान्हीचा. पंचांगात बघून काढलाय."

"पंचांग पुण्याचं आहे."

"मग? पुण्याचा चंद्र वेगळा आणि कलकत्त्याचा वेगळा?"

"चंद्र एकच आहे. नदी वेगळी आहे." वर्गात बोलते तशी ती सावकाश बोलत होती. "पौर्णिमेला गंगेत बान येतो, दादा. समुद्राची भरती नदीच्या तोंडातून आत घुसते आणि पाण्याची भिंतच्या भिंत उलटी वर चढत येते. पावसाळ्यात तर फारच मोठी. इथल्या बंगाली पंचांगात, पंजिकेत, त्याच्या वेळा छापतात. आज नेमकी दुपारची आहे. आपल्या पंचांगात राहुकाळ आहे, बान नाही."

"नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण या दिवशी होड्या सोडत आलोय."

"तो समुद्र अरबी. आणि होड्या सोडत होते ते खारवी. आपण नारळ गोळा करत होतो."

रघुनाथरावांनी हात सोडवून घेतला. "तू मुलींना भूगोल शिकव. मला शिकवू नकोस. इतकी वर्षं या शहरात काढली मी, मला नाही कधी दिसला तुझा बान."

तो दिसायला गंगेवर जावं लागतं. रघुनाथराव उभ्या जन्मात गंगेवर गेले होते ते आईच्या आणि वडिलांच्या अस्थी घेऊन, तेही मान खाली घालून. सुचित्राने मग माधवकडे पाहिलं.

"माधवदा, तू तरी सांग त्याला."

माधव आपल्या राखीची गाठ सैल करत होता. "दादाच्या मुहूर्तात मी पडत नाही बुवा," तो म्हणाला.

माधवला बान ठाऊक होता. आदल्या दिवशी कचेरीत शेजारच्या टेबलावरचे दत्तबाबू सगळ्यांना बजावत होते, की उद्या दुपारी मुलाबाळांना गंगेकडे नेऊ नका, मोठा बान आहे. माधवने ते ऐकलं, पान तोंडात टाकलं आणि मनाशी आखणी केली. पूजा होईल, नारळ पाण्यात पडेल, दादा घटकाभर होडीत बसून मिशीवर हात फिरवील आणि उतरेल. सगळे नारळीभात खायला घरी येतील. मागे घाटाला बांधलेली रिकामी होडी बानात पायऱ्यांवर आपटून फुटेल. कोणाला खरचटणार नाही आणि काम होईल. याला तो स्वतःशी व्यवहार म्हणत होता. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याने त्याला लबाडी म्हटलं असतं.

ठेलागाडीमागून केळशीकरांची वरात निघाली. रघुनाथराव पुढे, नवं जानवं, सोवळ्याचं धोतर, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. मागे रिक्षात दोघी जावा. सुचित्रा ट्राममधून आली. त्या वरातीत चालायची तिला लाज वाटत होती.

घाटावर ओहोटी होती. पाणी खूप खाली गेलं होतं आणि खालच्या पायऱ्यांवर हिरवट गाळ चकाकत होता. छत्री घेऊन उभ्या असलेल्या एका बंगाली गृहस्थाने हमालांना वाट दिली आणि फार सभ्यपणे विचारलं, "एटा की, मोशाय? नौको?"

"हँ, नौको," रघुनाथराव म्हणाले.

"ओ," तो गृहस्थ म्हणाला आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली. कलकत्त्यातला माणूस एवढ्या एका अक्षरात दुसऱ्याची वासलात लावतो.

होडी पाण्यात गेली. डुचमळली, डाव्या अंगाला कलली आणि कललेलीच राहिली. दोरी घाटाच्या कडीला बांधलेली होती. रघुनाथराव आत उतरले, मधल्या फळीवर बसले, आणि तळाशी कुठूनतरी पाणी झिरपत असतानाही त्यांचा चेहरा असा उजळला की पुष्पाबाईंना क्षणभर वाईट वाटलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा दिसला होता तोच हा चेहरा. मधल्या सगळ्या वर्षांत तो कुठे होता कोण जाणे.

"तरंगली!" ते ओरडले. "माधव, बघ! तरंगली!"

"एका अंगाने तरंगतेय," सरोज म्हणाली.

"अंगाची अट नव्हती!"

माधवने घड्याळ पाहिलं. "बरं, तरंगली. आता नारळ सोड आणि ये वर. भूक लागलीय सगळ्यांना."

"इतक्यात? म्हणजे उद्या म्हणशील, दोन मिनिटं टिकली. मी चांगला तासभर बसणार आहे."

माधवची आखणी इथे फसली. इतकी वर्षं भाऊ असूनही त्याने दादाचा हट्ट हिशेबात धरला नव्हता. "अरे, ये ना वर," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला. "मी मान्य करतो ना, तरंगली!"

"वर येऊन मान्य केलेलं तू घरी जाऊन फिरवतोस. मला ठाऊक आहे."

सुचित्रा वरच्या पायरीवर उभी होती. दादा जिंकला होता. शाळा, मुली, कोपऱ्यावरची ट्राम, सगळं तिला परत मिळालं होतं, आणि ते या गळक्या खोक्यामुळे मिळावं याचा तिला रागही येत होता. तेवढ्यात तिला दिसलं की घाटावरच्या छोट्या होड्या, डिंग्या, एकेक करून सुटताहेत. नावाडी घाईघाईने वल्ही मारत त्यांना नदीच्या मध्यावर नेत होते. बानात काठाशी बांधलेली होडी फुटते, मध्यावरची वाचते. हे ती दर वर्षी सातवीच्या मुलींना सांगत असे.

"दादा, ऊठ! बान येतोय!"

"येऊ दे!"

दक्षिणेकडून आरडाओरडा सुरू झाला. "बान! बान!" घाटावरची माणसं पायऱ्या चढून वर पळू लागली. दूरवर नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक पांढरी रेघ दिसत होती, आणि ती जवळ येत होती. रघुनाथरावांनी ती पाहिली. त्यांच्या हातातला नारळ होडीतच पडला. ते उठले, होडी कलली, ते परत बसले. पुन्हा उठायचं त्यांच्या पायांना सुचेना.

माधव जागच्या जागी थिजला होता. खाली गेल्या त्या पुष्पाबाई. नऊवारीचा ओचा खोचून, गाळावरून जवळजवळ घसरतच त्या शेवटच्या पायरीला पोहोचल्या आणि त्यांनी नवऱ्याचं उपरणं, जानवं, दंड, हाताला येईल ते धरलं. "उठा! उठा म्हणते ना! पुरे झालं तुमचं कोकण!" त्यांच्या मागे सुचित्रा होती, तिने वहिनीची कंबर धरली होती. तिघं एकमेकांना ओढत गुडघ्यांवर, कोपरांवर वर आली. खाली गर्जना झाली आणि पाणी आलं. कमरेपर्यंत आलं, त्यांना दाबलं, आणि परत फिरताना पायांखालून ओढू लागलं. सुचित्राने कडी धरून ठेवली.

होडी वर उचलली गेली आणि पायऱ्यांवर आदळली. दुसऱ्या लाटेला तिचे दोन तुकडे झाले. एक नदीत गेला. दुसरा घाटाच्या भिंतीला लागून राहिला, आणि त्यातून डांबर लावलेला कापूस लोंबत होता.

वरच्या पायऱ्यांवर सगळे धापा टाकत बसले. सरोज रडत होती. माधव कोणालाही उद्देशून नाही असं पुटपुटत होता, "दत्तबाबू म्हणाले होते मोठा आहे म्हणून... पण एवढा असेल असं नव्हतं वाटलं."

पुष्पाबाईंनी मान वळवली. "काय म्हणालात, भाऊजी?"

"काही नाही, वहिनी."

"दत्तबाबू काय म्हणाले होते?"

माधव उगाच घड्याळाला किल्ली देऊ लागला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं." पुष्पाबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "वन्संनी सकाळी कानीकपाळी ओरडून सांगितलं, तेव्हाही माहीत होतं. आणि माझा नवरा त्यात बसला तरी तुम्ही घड्याळ बघत उभे."

"तो उतरेल असं वाटलं होतं मला! मी त्याला बोलावत नव्हतो का?"

"महिनाभर मी तुमच्या बाजूने बोलत होते. पुण्याला माझ्या बहिणी आहेत, मलाही जायचं होतं. यांची होडी बुडावी म्हणून मी देवाला साखर ठेवली होती." त्यांनी भिंतीला लागलेल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "होडी, भाऊजी. माणूस नाही."

ज्याच्या जिवावर बेतलं होतं, त्याला या बोलण्यात काही रस दिसला नाही. रघुनाथराव ओल्या धोतरात बसून भिंतीला लागलेल्या अर्ध्या होडीकडे पाहत होते.

"पण तरंगली होती," ते म्हणाले. "बान येण्याआधी तरंगली होती की नाही?"

मरता मरता वाचलेला माणूस इतकं क्षुद्र बोलू शकतो, हे ऐकून माधवला धीर आला. "बुडाली, दादा. तुकडे दिसताहेत समोर."

"ते बानाने. पैज बानाची नव्हती."

"पैज गंगेत तरंगायची होती. बान काय हावड्याच्या पुलावरून आला?"

"तूच म्हणालास, मान्य करतो म्हणून!"

"तू वर यावास म्हणून म्हणालो!"

घाटावर बऱ्यापैकी गर्दी जमली होती. दोन वयस्क मराठी गृहस्थ, त्यातला एक चिखलाने माखलेला, एकमेकांच्या अंगावर बोटं नाचवत होते आणि छत्रीवाला गृहस्थ शेजारच्याला काहीतरी समजावून सांगत होता. शेवटी दोघांनाही एकाच वेळी सुचित्राची आठवण झाली.

"हिला विचारू," रघुनाथराव म्हणाले. "ही काही कोणाच्या बाजूची नाही. सुचित्रा, तू सांग. तरंगली की बुडाली?"

"हो, तूच सांग," माधव म्हणाला. "खरं ते सांग."

इतक्या वर्षांत भावांनी तिला प्रथमच काही विचारलं, तेही हे. एक शब्द पुरे होता. तरंगली म्हटलं की माधव शब्दात अडकला, दादा खूश, शाळा वाचली. दादा तिच्याकडे असा आशेने पाहत होता की ते पाहवत नव्हतं. सुचित्राने त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. यांच्या हातात आपण आपलं आयुष्य इतके दिवस ठेवलं कसं, याचंच तिला नवल वाटलं.

"बुडाली, दादा," ती म्हणाली. "पहिल्यापासून गळत होती. बान आला नसता तरी संध्याकाळपर्यंत गेली असती."

रघुनाथरावांची मान खाली गेली.

"ऐकलंस?" माधव म्हणाला. "आता शब्द पाळ."

"पाळतो. करतो सही."

"करा," सुचित्रा म्हणाली. "दोघंही करा. मी करणार नाही."

"तू?" माधव म्हणाला. त्याला खरोखरच काही उमगलं नव्हतं.

"घर तिघांच्या नावावर आहे. पैज तुम्हा दोघांची होती, मी कोणाला शब्द दिलेला नाही. जानेवारीपासून मी आमच्या शाळेची मुख्याध्यापिका होणार आहे. मी पुण्याला येणार नाही, आणि घर विकू देणार नाही."

"मुख्याध्यापिका?" सरोज रडता रडता थांबून म्हणाली. "कधी ठरलं, वन्सं?"

"अगं, पण तू एकटी बाईमाणूस," माधव म्हणाला, "राहणार कुठे?"

"घरात."

तिने पदर पिळला, चिखलातून चपला उचलल्या आणि ट्रामच्या दिशेने भरभर चालू लागली.

पुष्पाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याचं ओलं उपरणं माधवच्या मांडीवर ठेवलं. "यांना तुम्ही घेऊन या, भाऊजी."

"अगं, अशी कशी निघालीस?" रघुनाथराव म्हणाले. "मला थंडी वाजतेय."

पुष्पाबाईंनी मागे पाहिलं नाही. नऊवारीचा भिजलेला जड घोळ सावरत त्या जमेल तेवढ्या झपाट्याने पायऱ्या चढल्या.

"वन्सं," त्यांनी हाक मारली, "थांबा जरा. मी येतेय तुमच्याबरोबर."